द्वारका नापास

टॉर्च दातात धरून बघणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. गिऱ्हाईक म्हणणंही चुकीचंच, कारण अकरा वर्षांत त्याने माझ्याकडून साधा पेन्सिल सेलसुद्धा विकत घेतला नाही.

यायचा मात्र दर गुरुवारी. डोंबिवली पूर्वेला माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. शटर वर गेलं, अगरबत्ती लावून झाली की पायरीवर त्याच्या चपलांचा आवाज यायचा. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी. "नवीन काय आलंय, मालक?" हा 'मालक' शब्द तो असा उच्चारायचा, की दुकान मी त्याच्याकडूनच भाड्याने घेतलंय असं नव्या माणसाला वाटावं.

पिशवीतून आधी निघायचं एक जुनं विजेचं मीटर. काळं, गोल काचेचं, भंगारात निघालेलं. ते तो काउंटरच्या खाली, सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचा. मग घडीचा रुमाल टॉर्चच्या मागच्या टोकाला गुंडाळायचा, टॉर्च दाढेखाली धरायचा आणि गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकायचा. एका हातात वही, दुसऱ्यात पेन. दुकानात बायामाणसं उभी असायची. कोणीतरी विचारायचंच, "यांना काय होतंय?" मी सांगायचो, "काही नाही, दाताच्या डॉक्टरकडे निघाले होते, दुकान चुकले."

नोकरीची तीसबत्तीस वर्षं त्याने मीटर वाचण्यात घालवलेली. आंबिवली, टिटवाळा, मोहने, कल्याणच्या चाळी. जिन्याखाली वाकायचं, कोळ्याची जाळी बाजूला करायची, काचेवरची धूळ पुसायची आणि आकडा वहीत उतरवायचा. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून टॉर्च दातात. त्यामुळे जगातल्या सगळ्या टॉर्चचा जन्म जिन्याखालचं मीटर वाचण्यासाठी झालाय, अशी त्याची पक्की समजूत होती. कोणी शेताला पाणी द्यायला टॉर्च घेईल, कोणी गाडीत ठेवायला घेईल, कोणी नुसती पोरं रडतात म्हणून घेईल, हे त्याच्या डोक्यात शिरायचंच नाही.

वहीत तो प्रत्येक टॉर्चला शंभरापैकी मार्क द्यायचा. पस्तीसला पास. शाळेचा निकाल असतो तसा. एका बाजूला 'गुण', दुसऱ्या बाजूला 'दोष', खाली शेरा. अक्षर मराठी, आकडे इंग्रजी, मीटरवर असतात तसे. शेरे तर असे, की वाचून माझं डोकं फिरायचं. 'उजेड भरपूर, अक्कल कमी.' 'लांबचं दाखवतो, पायाखालचं दाखवत नाही.' 'चार्जिंगच्या भोकाचं रबरी टोपण पंधरा दिवसांत हरवेल.' ते टोपण बाराव्या दिवशी हरवलं, पण त्याला सांगायला मी काही त्याचा नोकर नव्हतो.

एका टॉर्चच्या पाकिटावर छापलं होतं, दोन किलोमीटर उजेड. पुढच्या गुरुवारी स्वारी हजर. "मालक, संध्याकाळी खाडीवर जाऊन आलो. शेजाऱ्याकडे हाच आहे, मागून नेला होता. पलीकडचा काठ दिसला नाही. आणि तो काठ काही दोन किलोमीटरवर नाही."

मी म्हटलं, "काका, लग्नपत्रिकेत सगळ्यांच्याच नावापुढे सहकुटुंब यावे असं छापतात. म्हणून सगळं गाव जेवायला जातं का?"

"जातं," तो म्हणाला. "आणि पत्रिका देणाऱ्याला वाढावं लागतं."

मला उत्तर रात्री जेवताना सुचलं, पण तोवर काय उपयोग.

एलईडी टॉर्चचं एक बटण असतं. एकदा दाबलं की पूर्ण उजेड, दुसऱ्यांदा अर्धा, तिसऱ्यांदा लुकलुक, चौथ्यांदा बंद. या लुकलुकीवर त्याचा विशेष राग. "ही कोणासाठी?"

"संकटात सापडलेल्या माणसासाठी. मदत मागायला."

"बुडणारा माणूस बटण मोजून तीनदा दाबेल?"

"काका, बुडणारा माणूस डोंबिवलीत टॉर्च घ्यायला येत नाही."

असं बोललो खरा, आणि त्याच आठवड्यात मोठागावच्या खाडीवरचा एक कोळी दुकानात आला. होडीवर न्यायला चार टॉर्च हवे होते. पाकिटावर 'वॉटरप्रूफ' होतं. त्याने टॉर्च उलटासुलटा करून विचारलं, "भावा, यो पान्यान परला तं चालंल ना?"

"बिनधास्त," मी म्हटलं.

नेमका गुरुवार. म्हातारा काउंटरखालून वर आला, दातातला टॉर्च काढला आणि म्हणाला, "बादली आहे का?" बायको आत भांडी घासत होती. तिने बादली दिली! माझ्याच बायकोने. टॉर्च पाण्यात सोडला. अर्धा मिनिट असा झकास पेटला, की मी खिशातून पावतीपुस्तक काढलं. मग काचेच्या आत पाणी चढायला लागलं. दोन इंच पाणी आणि वर एक बुडबुडा.

"आयला, यो तं मासा झाला रं!" कोळी हसत हसत पायऱ्या उतरला. चार टॉर्च गेले.

मी म्हाताऱ्याला म्हटलं, "आता हा तुम्हीच घ्या."

"मी कशाला घेऊ? नापास झालेलं पोर कोणी दत्तक घेतं का?"

मी त्याला हाकललं का नाही, असं कोणी विचारेल. हाकलायला मी काही भिडस्त माणूस नाही. ठाण्याला खोपटच्या डेपोत सुटत्या एसटीच्या खिडकीतून हात घालून मी टॉर्च विकलेत, कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्यात, दिल्यात. पण खरं सांगायचं तर त्याचे दोष मी पाठ करायचो. घाऊक माल घ्यायला मुंबईला गेलो, की तिथल्या व्यापाऱ्यासमोर एकेक दोष मोजायचो. टोपण हरवतं, काच पाणी पिते, बटण तिसऱ्या महिन्यात बसतं. व्यापारी हैराण व्हायचा. "शेठ, तुम्ही लॅबोरेटरी टाकली काय?" भाव खाली यायचा. म्हणजे म्हाताऱ्याचा चहा मला फुकट पडत नव्हता, आणि त्यालाही त्याची किंमत कळत नव्हती. हा सौदा मला बरा वाटायचा.

बायकोला मात्र त्याचं भारी कौतुक. साखर कमी, आलं जास्त, असा वेगळा चहा त्याच्यासाठी. मी नसताना तो तिच्याशी बोलायचाही. माझ्याशी फक्त मार्क.

मग मी स्वतःचा टॉर्च काढला.

आमची आई कल्याणच्या चाळीत बसून बल्बची खोकी चिकटवायची. पुठ्ठ्याचे गठ्ठे यायचे, खळीचा डबा असायचा, आणि तिच्या बोटांना कायम खळीचं कवच. खोक्यांवर नाव दुसऱ्याचं. बल्ब आमच्या घरात एकच, तोही त्या खोक्यातला नव्हे. तेव्हापासून माझ्या मनात होतं, की एक दिवस खोक्यावर तिचं नाव येईल. सुटे भाग आणून, माणसं बसवून मी टॉर्च जुळवायला सुरुवात केली आणि नाव दिलं 'द्वारका'. पिवळ्या खोक्यावर लाल अक्षरं. आई तोवर गेली होती. पहिलं खोकं मी तिच्या फोटोपुढे ठेवलं.

दुसरं गुरुवारी त्याच्यापुढे ठेवलं. का ठेवलं, ते मलाही सांगता येणार नाही.

त्याने रुमाल गुंडाळला, वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. वर आला, वहीत लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. 21.

"मीटर वाचता येत नाही," तो म्हणाला. "उजेड काचेवर आपटून परत येतो. आकडा पांढरा होतो. वर तेच बटण. चौथ्यांदा दाबलं की मग बंद."

"काका, खोक्यावर नाव वाचलंत का?"

"वाचलं. द्वारका नापास."

त्या दिवशी मी चहा मागेच पाठवला.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी विसरलो असतो. पण शीळ रस्त्यावर एक मोठं संकुल आहे. तीनशेच्या वर घरं. संकुलाला पंधरा वर्षं होत होती, म्हणून घरटी एक टॉर्च भेट द्यायचा असं कमिटीने ठरवलं. मी महिनाभर त्या कमिटीच्या मागे फिरलो. अध्यक्षांच्या नातवाच्या मुंजीलाही जाऊन आलो. एका फटक्यात तीनशे घरांत आईचं नाव जाणार होतं. भाव ठरला, खोक्यावर संकुलाचं नाव छापायचं ठरलं, फक्त सह्या बाकी होत्या. सह्यांच्या दिवशी कमिटीच्या खोलीत गेलो तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर इस्त्रीचा बुशशर्ट. तो तिथेच बी विंगमध्ये राहतो, हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

"हे आमचे तांत्रिक सल्लागार," अध्यक्ष म्हणाले.

"मी फक्त एवढंच सुचवतो," म्हातारा म्हणाला, "की सही करण्याआधी प्रात्यक्षिक व्हावं."

भर दुपारी आम्ही सात माणसं बी विंगच्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीत. बाहेर ऊन, आत काळोख. तिथली मीटरं नवी, पडद्यावर काड्याकाड्यांचे आकडे. अशा आकड्यांत तीन आणि आठ यांच्यात फरक फक्त दोन काड्यांचा, डावीकडच्या. म्हाताऱ्याने एका मीटरकडे बोट केलं. अध्यक्षांनी द्वारका पेटवला, डोळे बारीक केले. "चार... दोन... शेवटचा आठ."

म्हाताऱ्याने पिशवीतून त्याचा जुना पिवळट बल्बवाला टॉर्च दिला. अध्यक्षांनी पुन्हा पाहिलं. "अरेच्चा. तीन आहे की!"

बाकीच्यांनी रांगेने पाहिलं. द्वारकाने आठ, पिवळ्याने तीन. एकाला तर द्वारकाने काहीच दिसलं नाही. मी पुढे घुसलो, टॉर्च हिसकावला. "तीन! हा काय, ढळढळीत तीन आहे!"

"तुम्ही विकणारे," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला तीनच दिसणार."

माझा तोल गेला. मी अध्यक्षांना काही बोललो नाही, म्हाताऱ्याकडे वळलो. "आयुष्यभर लोकांच्या जिन्याखाली वाकलात ना, म्हणून सगळं वाकडंच दिसतं तुम्हाला. दमडीचा टॉर्च कधी विकत घेतला नाहीत आणि निघालात दुसऱ्याचं दुकान बसवायला. माझ्या आईचं नाव आहे त्यावर. तुमचं नाव कशावर आहे? एका तरी मीटरवर आहे?"

इस्त्रीचा रुमाल काढून त्याने त्या मीटरची काच पुसली आणि जिना चढून गेला. ऑर्डर ठाण्याच्या एका दुकानाला गेली. त्यांचे टॉर्च पिवळट उजेडाचे होते, आणि महाग होते.

त्यानंतरचे गुरुवार मोकळे गेले. मला बरं वाटलं. बायको मात्र दर गुरुवारी शटर उघडल्यावर पायरीकडे बघायची. एकदा म्हणाली, "ते आंबिवलीचं तुम्हाला सांगितलं होतं का त्यांनी?"

"मला कशाला सांगतोय? मला फक्त नापास करतो."

मग तिनेच सांगितलं. नोकरीतली गोष्ट. आंबिवलीला एका बाईच्या घरी, जिन्याखाली, त्याने तीनाचा आठ वाचला. बिल भलतंच आलं. बाई ऑफिसात येऊन म्हणाली, साहेब, घरात एक बल्ब आणि एक पंखा, आकडा चुकलाय. ऑफिसने याला विचारलं. हा म्हणाला, मी चुकत नाही. बाईची वीज तोडली. पुढच्या वेळी हा गेला, काच नीट पुसली, तर तीन. वर येऊन त्याने कोणाला काही सांगितलं नाही. वीज जोडेपर्यंत बाईने उन्हाळा तसाच काढला.

"यात बाईची मुलगी दहावीला असेल," मी म्हटलं. "अशा गोष्टींत असतेच."

"मुलगी नव्हती," बायको म्हणाली. "एकटीच होती. ते परत गेले तेव्हा तिने त्यांना पाणी दिलं. टॉर्च नीट धरा, म्हणाली, तुमच्या तोंडातून पडेल."

या माणसाच्या गोष्टीही त्याच्यासारख्याच, समोरच्याला गप्प करणाऱ्या.

चार-पाच महिन्यांनी एका गुरुवारी पायरीवर चपला वाजल्या. काळा, बाजूंनीही झाकलेला चष्मा घालून म्हातारा उभा. सिनेमातला गुंड म्हातारा झाल्यावर दिसेल तसा.

"उजवा डोळा झाला," तो म्हणाला. "डावा पुढच्या महिन्यात. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू फार दिवसांचा होता. पांढरा उजेड त्यावर फाकतो." मग म्हणाला, "मालक, द्वारका काढा."

मी काढला. मीटर खाली, रुमाल, दात, वाकणं. आता वाकायला वेळ लागत होता. काउंटरखालून त्याचा आवाज आला, टॉर्च दातात असल्यामुळे बोबडा. "तीन."

मला ओरडायचं होतं. कमिटीत पाच माणसं, त्यातला सगळ्यात तरुण अडुसष्टचा! पाच जणांत मिळून किती मोतीबिंदू होते देव जाणे, आणि त्यांनी माझ्या आईला आठ वाचून नापास केलं होतं.

वर येऊन त्याने रुमाल घडी केला. "आज सहा वाजता कमिटी आहे. तुम्ही चला."

"कशाला? ऑर्डर गेली, टॉर्च वाटले, लोकांनी देवघरात ठेवले."

"ऑर्डरचा प्रश्न नाही. वाचन चुकलं की दुरुस्ती लिहून द्यावी लागते."

गेलो. फुकटचा तमाशा कोण सोडतो. काळा चष्मा लावून तो उभा राहिला आणि कागदावरून वाचलं, की बी विंगच्या मीटरखोलीत झालेलं वाचन चुकीचं होतं, दोष टॉर्चचा नसून वाचणाऱ्याच्या डोळ्याचा होता, चूक पूर्णपणे माझी आहे, याची नोंद व्हावी. अध्यक्ष म्हणाले, "अहो, बसा, आता त्याचं काय!" तो बसला नाही. "नोंद करा," म्हणाला. चिटणिसाने नोंद करेपर्यंत उभा राहिला. तीनशे घरांतलं एकही घर मला परत मिळालं नाही. मिळाली ती एक ओळ, तीही कोणी वाचणार नाही अशा रजिस्टरात.

पुढच्या गुरुवारी त्याने वही उघडून 21 वर काट मारली. मी काउंटरवरून पुढे वाकलो. आता माझी वेळ होती. त्याने लिहिलं, 34.

"हे काय?"

"वाचनाचे तेरा वाढवले."

"पस्तीसला पास असतं ना तुमच्याकडे?"

"हो."

"मग चौतीस?"

"बटण. चौथ्यांदा दाबेपर्यंत बंद होत नाही. ते मोतीबिंदूने झालेलं नाही."

"काका, एक मार्क. एका मार्काने तुमचं काय जातं?"

"मार्कांत घासाघीस नाही."

"ग्रेसचा द्या. बोर्डसुद्धा देतं."

"बोर्ड देतं. मी नाही देत."

"काका, आईचं नाव आहे हो."

त्याने चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता, पाणी येत होतं. "आई पास आहे," तो म्हणाला. "टॉर्च नापास."

मी खोपटच्या डेपोपासून आजवर हजारो सौदे केले. व्यापाऱ्यांना रडवलं, सरकारी माणसांना नमवलं. एक मार्क मला त्या माणसाकडून काढता आला नाही.

दुसऱ्या डोळ्यानंतर मुलगी त्याला नाशिकला घेऊन गेली. जाताना वही माझ्या काउंटरवर ठेवली. "असू दे दुकानात. गिऱ्हाइकांच्या उपयोगी पडेल." माझ्याच दुकानात, माझ्याच मालाचे दोष, माझ्याच गिऱ्हाइकांसाठी! मीटर बायकोने मागून घेतलं. ते तिने देवघराखालच्या कपाटात ठेवलंय, का ते मी विचारलेलं नाही.

द्वारकाचं बटण मी बदललं. आता एकदा दाबलं की पेटतो, एकदा दाबलं की बंद. त्याच्या सांगण्यावरून नाही, गिऱ्हाइकं कुरकुरत होती म्हणून. नवा टॉर्च बरा खपतो. पण त्याला मार्क देणारा कोणी नाही, आणि वहीत जुनेच आहेत.

ती वही माझ्या गल्ल्याच्या खालच्या खणात असते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की कधीतरी काढतो आणि ते चौतीसचं पान उघडतो. तीनाचा आठ करायला पेनाचे दोन छोटे फेरे लागतात, डाव्या बाजूला. चौऱ्याऐंशी. नवी गिऱ्हाइकं बघतील, कोणाला कळणारही नाही. वहीबरोबर मी पेनही ठेवलंय.

अजून केलेला नाही.